पार्स्लीचं घरचं बी

आमच्या घरात पार्स्ली, म्हणजे कोथिंबिरीसारखा दिसणारा विलायती पाला, शिरली ती आईच्या फजितीतून. बाबा हवाई दलात. लग्नानंतर त्यांचं पहिलं पोस्टिंग बंगळुरूला होतं. आई नागपूरची, आणि तिकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तिने सांभार समजून बाजारातून दोन हिरव्यागार जुड्या आणल्या, सांभारवडी केली आणि शेजारच्या बायकांना चहाला बोलावलं. एकीने वडी तोंडात टाकून विचारलं, "जी, इसमें धनिया की जगह पार्स्ली डाली है क्या?" सगळ्या हसल्या. बाबा ही गोष्ट सांगताना शेवटी हमखास म्हणतात, "मी मात्र सहा खाल्ल्या. नवीन लग्न होतं."

दुसरी कुणी असती तर तिने त्या पाल्याचं नाव टाकलं असतं. आईने पुढच्याच आठवड्यात पार्स्लीच्या बियांचं पाकीट आणलं.

तेव्हापासून जिथे बदली झाली तिथे तिने पार्स्ली लावली. हे बी उगवायला तीन-तीन आठवडे घेतं, कधी त्याहून जास्त, आणि जुनं झालं की उगवतच नाही. आई ते कोमट पाण्यात दिवसभर भिजवते, पाणी दोनदा बदलते, मग पंच्याच्या तुकड्यावर पसरून सावलीत कोरडं करते. पेरलं की वर ओलं गोणपाट. बंगळुरूला एवढं काहीच करावं लागलं नाही म्हणे, तिथे ती गवतासारखी वाढली. जोधपूरला मात्र माती तव्यासारखी तापायची. तिथे आईने माठाच्या तिवईखाली पसरट कुंडी सरकवली आणि माठाच्या पाझरणाऱ्या पाण्यावर रोपं वाढवली. मी तेव्हा पहिलीत होते. पाणी पिताना पायाला कुंडी लागू नये म्हणून दोन्ही पाय फाकवून उभी राहायचे. आसामात उलटं. तिथे रोपं वर यायची आणि चार दिवसांत बुडाशी काळी पडून झोपायची. आईने कुंड्या छपराखाली घेतल्या, मातीत अर्धी वाळू घातली आणि पाणी तोडलं. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आई कुंडीत बोट खुपसून म्हणतेय, "आज नाही द्यायचं," हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

पाकीट संपवायचं नाही, हा तिचा नियम. अर्धं बी मातीत, अर्धं डब्यात. डब्यातल्या प्रत्येक पुडीवर गावाचं नाव आणि बी किती दिवसांनी उगवलं तो आकडा.

पण त्या सगळ्या पुड्यांमधलं बी विकतचं होतं. आईला घरचं बी हवं होतं. "बी आपलं नाही तवर झाड पाव्हणं," असं ती म्हणायची. अडचण अशी की पार्स्ली पहिल्या वर्षी नुसता पाला देते. फुलावर यायला तिला मधे एक कडक थंडी लागते, आणि बी येतं ते दुसऱ्या वर्षी. आमच्या वाट्याला एक तर थंडी यायची नाही, नाहीतर दुसरं वर्ष. इतक्या वर्षांत आईने पार्स्लीचं फूल पाहिलेलं नव्हतं.

चंदीगडची ऑर्डर आली तेव्हा ती लगेच म्हणाली, "तिथं थंडी पडते." बाबा म्हणाले, "लोक शाळा बघतात, दवाखाना बघतात. आमच्याकडे तापमान बघतात."

इथल्या ऑक्टोबरात तिने क्वार्टरच्या मागच्या अंगणात तीन कुंड्या पेरल्या. एकोणिसाव्या दिवशी रोपं आली. जानेवारीतल्या धुक्यात, समोरचं घर दिसत नसताना, ती इवलीशी पानं ताठ उभी असायची. खरी परीक्षा जूनमध्ये होती. लू सुटली की अंगणात पाऊल ठेववत नाही इथे. आईने हिरवी जाळी बांधली, कुंड्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, आणि रोज सकाळी सहाच्या आत पाणी. दोन कुंड्या जगल्या. दुसरा हिवाळा आला तेव्हा त्यांचं चांगलं पसरट झुडूप झालं होतं. मी तोपर्यंत सेक्टर ३९ मधल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागले होते. तिथे सगळं मोजलेल्या तापमानात, बंद काचेत वाढवायचं. आई जे बोटाने ठरवते त्याला आमच्याकडे यंत्र लागतं.

त्या मार्चमध्ये नागपूरच्या मावशीचं ऑपरेशन ठरलं आणि आई दहा दिवसांसाठी गेली. जाताना म्हणाली, "पाणी तेवढं दे. दुसरं काही करू नको."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी झुडपांच्या मधून जाड दांडे वर आले, आणि त्यांच्या टोकाला हिरवट, बारीक तुरे. फूल म्हणजे माझ्या डोक्यात फूल होतं, रंग असलेलं. हे तुरे पाहून मला तुळस आठवली. आमच्याकडे तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं हे लहानपणापासून माझं काम. मंजिरी ठेवली की तुळस म्हातारी होते, हे आईनेच शिकवलेलं. पुढे तुरे आणखी आले. मी रोज सकाळी पाणी घालून झालं की एकेक करून नीट नखाने खुडले. आई येण्याच्या आदल्या दिवशी शेवटचा खुडला. कुंड्या छान दिसत होत्या. मला कौतुकाची अपेक्षा होती.

आई बॅग दारात ठेवून आधी अंगणात गेली.

"हे दांडे कापले कोणी?"

"मैंने. तुरे आले होते. तुळस का करते हैं ना, वैसे ही." मी आईशी नेहमीच अर्धं हिंदीत बोलते.

ती पायरीवर बसली. साडीवर प्रवासाच्या सुरकुत्या तशाच. मी दारातली बॅग आत नेऊन ठेवली. ती रागावली असती तर सोपं झालं असतं.

"तेच फूल होतं का गं?" तिने विचारलं. "कसं दिसत होतं?"

मी हाताने दाखवलं. छत्रीसारखं, बारीक काड्यांचं. तिने माझ्या बोटांकडे लक्ष देऊन पाहिलं, जणू तेच फूल होतं.

"मंजिरी खुडायला मीच शिकवलं तुला," ती म्हणाली. "आणि हे नको खुडू म्हणून सांगितलं नाही. मलाच कुठं माहीत होतं कसं दिसते ते."

मग ती उठली, चष्मा लावला आणि दांड्यांची एकेक पेरं तपासत गेली. एका पेरातून तांदळाएवढा कोंब निघत होता. "इथून फुटते बघ. उशिरा येईल, पण येईल."

त्याच आठवड्यात बदलीची ऑर्डर आली. दक्षिणेला, समुद्राकाठी, मेच्या मध्यापर्यंत हजर व्हायचं. निवृत्तीआधीचं बाबांचं ते शेवटचं पोस्टिंग, आणि त्यानंतर नागपूर. म्हणजे पार्स्लीला लागते तशी थंडी आईच्या वाट्याला पुन्हा येणार नव्हती. मी तुरे खुडले नसते तर मेच्या सुरुवातीला बी पिकलं असतं. नवे तुरे जूनशिवाय पिकणार नव्हते. हा हिशेब आईने तोंडाने कधीच मांडला नाही. मी मनात रोज मांडत होते.

मी पीएचडीसाठी मागे राहणार होते. चंदीगडजवळच्या खरड गावात एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. सामान बांधताना मी आईला म्हटलं, "एक कुंडी मैं रख लूँ?"

"दोन्ही घे," ती म्हणाली. "माझ्या हातून ट्रकमध्ये मरतील."

खोलीची गॅलरी पश्चिमेला होती. मी आईने केलं होतं तेच केलं. जाळी, गोणपाट, सकाळी सहाच्या आत पाणी. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल यायचा. "तुझं तोंड नंतर दाखव," ती म्हणायची, "आधी ते दाखव." पहिला तुरा उमलला तेव्हा मी फोन इतका जवळ नेला की चित्र धूसर झालं. तिने चष्मा शोधून लावला. मग बाबांना हाक मारली, "अहो, या, फूल आलं." मागून बाबा म्हणाले, "हे फूल? एवढ्यासाठी सव्वीस वर्षं?" आई म्हणाली, "वड्या खाल्ल्या तेव्हा चूप होते, आताही चूप राहा."

खाली घरमालकीण आंटी राहायच्या. मी येता-जाता मान खाली घालून जायचे, म्हणून त्यांना मी गर्विष्ठ वाटले असेन. एकदा त्या गॅलरीत कपडे वाळत घालायला आल्या. "बेटा, तेरा धनिया तो सूख चला. फेंक दे, मैं ताज़ा मँगवा देती हूँ."

"आंटीजी, ये मम्मी का है," मी म्हणाले. मग का कोण जाणे, सगळंच सांगितलं. माठ, आसाम, तुरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "तूने तोड़ दिए? हाय."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत असताना धुळीचं वादळ आलं. खिडक्यांबाहेर आकाश तपकिरी झालं. बी तेव्हा जवळजवळ पिकलं होतं, धक्का लागला की गळेल असं. बस मिळून खरडला पोचेपर्यंत दीड तास गेला. गॅलरीत वाळूचा थर होता आणि कुंड्या नव्हत्या. वर येताना घाईत दिसल्या नव्हत्या, पण जिना उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर दोन्ही दिसल्या, भिंतीला टेकवलेल्या, आंटींच्या जुन्या दुपट्ट्यात सैलसर गुंडाळलेल्या. दुपट्टा सोडला तर त्याच्या घडीत गळलेले दाणे अडकले होते. मी ते एकेक करून वेचले. आंटी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गिन ले, पूरे हैं?"

पाखडून दोन चमचे बी निघालं. खूपसे दाणे पोकळ होते. अर्धं मी आईला पाठवलं, अर्धं डब्यात ठेवलं. पुडीवर लिहिलं, खरड. आकड्याची जागा रिकामी.

ऑक्टोबरात दोघींनी एकाच दिवशी पेरलं. तिच्याकडे तेव्हा पाऊस होता. तिने छपराखाली घेतलं, वाळू घातली, पाणी तोडलं, आसामातलं सगळं केलं. पंचवीस दिवस झाले तरी काही नाही. सव्विसाव्या दिवशी तिने माती उकरून पाहिली. बी सडलं होतं.

माझ्याकडे सतराव्या दिवशी हिरवे कोंब आले होते. ते मला आठवडाभर तिला सांगवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी फोन कुंडीवर धरला.

मग शेजारची वही ओढल्याचा आवाज आला.

"बोल," आई म्हणाली. "किती तास भिजवलंस? गोणपाट कधी काढलंस? हळू सांग, मी लिहून राहिले."