ओढून पाहिलेलं कुलूप
कुलपात तेल सोडताना वास आला की सुनेचा मोबाइल आठवतो. कळमन्याला आमचं धान्याचं गोदाम होतं, तेव्हापासून कुलूप लावलं की मी ते ओढून पाहते. एका दुपारी मेसेजमधल्या लिंकवरून उघडलेल्या बँकेच्या पानावर सून पासवर्ड टाकायला निघाली होती. मी नको म्हटलं. "आई, वर कुलूप दिसून राहिलं ना, काहून घाबरता? हे काही तुमचं गोदाम नाही." "ओढून पाहिलं का वं?" म्हणत मी पानावर बोट फिरवलं. पान वर सरकलं, तसं कुलूपही त्याच्यासोबत सरकलं. खरं कुलूप वरच्या पत्त्याच्या पट्टीत असतं, पानावर नाही. हे कोणीतरी पानावरच काढलेलं चित्र होतं. सुनेचा पगार वाचला. ऑफिसात ती अजून सांगते, "खोटं कुलूप मीच ओळखलं." सांगू दे.