फायनल आत्या

‘बघू’ हा शब्द आत्यासमोर उच्चारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. जेवायला येणार का, असं तिनं विचारलं आणि समोरचा ‘बघू’ म्हणाला, की पदर खोचून ती उभीच राहायची. ‘‘बघू म्हंजी काय? फायनल सांग. तांदूळ तुझ्या बघूवर टाकू का?’’ बाजारात मेथीवाल्याला, सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या बापाला, एवढंच काय, मंचरच्या स्टँडवर एसटीच्या कंट्रोलरलासुद्धा ती असंच धरायची. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण, कळंबला दिलेली. माहेरी-सासरी तिचं नाव फायनल आत्या पडलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

अशा बाईला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं तिनं डॉक्टरांनाच दम देत पार पाडलं. केस गेले तेव्हा आरशात बघून ‘‘तेल वाचलं’’ एवढंच म्हणाली. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी हा रोग घराण्यातून आलाय का, ते पाहायला जनुकांची तपासणी करायला सांगितली. तिच्यामागोमाग भीतीपोटी मीही केली. दोघींचा निकाल सारखाच आला: एका जनुकात बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी, हे आज सांगता येत नाही. म्हणजे साक्षात विज्ञानानंच आत्याला ‘बघू’ म्हटलं होतं.

घरी येईपर्यंत ती फणफणत होती. एवढं रक्त काढून घ्यायचं आणि वर सांगायचं, ठाऊक नाही! आणि मग, दुसरं कुणी फायनल करत नाही म्हटल्यावर, तिनं स्वतःच करून टाकलं. ‘‘तू सगळं काढून टाक, वैशे, छाती अन् पिशवी दोन्ही. अंगात काय ठेवूच नको. नाय रोग, नाय कटकट.’’ तिचं बोलणं मायेचंच होतं. पण माझ्या लग्नाला थोडीच वर्षं झाली होती आणि मला मूल हवं होतं. डिंभ्याच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेताना, पोरं नाक पुसत माझ्या साडीला लटकली की मला भरून यायचं. तरीही मी जवळजवळ तयार झाले होते. आत्याचं फायनल मोडायची आमच्यात रीतच नव्हती.

वाचवलं ते दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी. चणीनं लहान, आवाज त्याहून लहान, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आज तरी’. आत्याचं डोकं त्यानंच तापायचं. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की अर्थ न लागलेल्या बदलापायी अवयव काढायचे नसतात. असे बरेच बदल पुढे निरुपद्रवी निघतात. तोवर नियमित तपासण्या करायच्या आणि थांबायचं, आज तरी.

आत्यानं सवयीनं पदर खोचला, पण भांडली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हंजी मांडवात एक पावणा जेवतोय. आपल्याकडचा का तिकडचा, कुणालाच ठावं नाय. त्याला हाकलायचं नाय, फक्त चपलांवर नजर ठेवायची. असंच ना?’’ मॅडम हसल्या, ‘अगदी असंच’ म्हणाल्या. मग चार जणांना विचारायला नको का, कुणाचा पावणा ते, असं आत्यानं म्हटल्यावर तर त्यांनी खुर्चीच पुढे ओढली. नात्यातल्या ज्यांना हा रोग झाला आणि जे म्हातारे होऊनही धडधाकट आहेत, त्यांची लाळ तपासली तर खरोखरच उलगडा व्हायला मदत होईल, असं त्यांनी सांगितलं. आत्याचे डोळे असे चमकले, की मला पुढचं सगळं दिसलं.

तिनं मुहूर्त धरला माहेरच्या जत्रेचा. जुन्नरजवळच्या आमच्या गावात बैलगाड्यांच्या शर्यतीला सगळं गणगोत येतं, कुणाला आवतण लागत नाही. मॅडमना तिनं जीपनं आणवलं. घरात मासवडीच्या रश्श्याचा वास सुटलेला, आणि नळीत थुंकण्याआधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू, मिश्री सगळं बंद! आमच्यातल्या पुरुषांनी एवढा उपवास एकादशीला केला नव्हता. मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या, ज्याची इच्छा असेल त्यानंच द्या, जबरदस्ती नाही. आत्या मान डोलवायची. ‘‘जबरदस्ती कसली? फक्त जेवण जरा उशिरा हाय.’’

हाच रोग होऊन गेलेल्या एका चुलतबहिणीनं पहिली नळी भरली. एका चुलतभावानं मात्र कुरकुर केली, पोरीचं लग्न ठरायचंय, उगाच बोभाटा नको. ‘‘लग्न मोडायला रिपोर्ट कशाला पायजे? तुझा सोभाव पुरंल,’’ आत्या म्हणाली. मॅडमनी त्याला बाजूला नेऊन सगळं गुप्त राहील हे समजावलं, तेव्हा तो बसला. माझ्या वडिलांची आणखीच वेगळी तऱ्हा. एरवी थुंकायला ज्यांना रस्ता पुरत नाही, त्यांच्या तोंडातून नळीत दोन थेंब पडेनात. शेवटी आत्यानं त्यांच्यासमोर चिंच धरली. मढहून आलेली चुलतआजी मात्र मिश्रीचं बोट घासून, चूळ भरून, मुकाट अर्धा तास थांबली आणि नळी भरून देत म्हणाली, अजून पायजे का?

मग महिने गेले. अधूनमधून आत्या मॅडमना फोन करायची, झालं का फायनल म्हणून. आज तरी नाही, असं उत्तर यायचं. गंमत म्हणजे तिचा आवाज उत्तरागणिक मऊ होत गेला. फोन ठेवण्याआधी ती मॅडमच्या पोराच्या खोकल्याचं विचारायला लागली. माझ्या ऑपरेशनचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. त्याच दिवसांत तिचा रोग हाडांत उतरला, आणि तेही तिनं कुणाला आधी कळू दिलं नाही.

निकाल आला तेव्हा मी कळंबला तिच्या खाटेपाशीच होते. स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून मॅडमनी सांगितलं, की मढच्या आजींमध्ये तो बदल आहे आणि त्या या वयातही ठणठणीत आहेत. ज्या चुलतबहिणीला हाच रोग झाला, तिच्यात तो नाही. इतर ठिकाणची माहितीही तेच सांगते. तो बदल बहुधा निरुपद्रवी आहे. नेहमीच्या तपासण्या मी करत राहायच्या, पण काही काढायची गरज नाही.

‘‘फायनल का?’’ आत्यानं विचारलं.

‘‘आज तरी,’’ मॅडम म्हणाल्या, आणि आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला.

‘‘पावणा आपल्यातलाच निघाला गं. तुझं मिटलं.’’ तिनं माझा हात धरला. मला रडू आवरेना. मग तुला कशानं झालं, असं मी विचारून बसले. माझे डोळे पदरानं पुसत ती म्हणाली, ‘‘ते नाय सांगितलं तरी चालंल मला.’’

निघताना उंबऱ्यात वळून मी सवयीनं म्हटलं, जत्रेला येते, मासवड्या तूच करायच्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘बघू.’’

मंचरच्या स्टँडवर पोचले तेव्हा डिंभ्याच्या गाडीची वेळ टळून गेली होती. खिडकीशी जाऊन मी विचारलं, गाडी येणार आहे का? कंट्रोलरनं मान वर न करता सांगितलं, ‘‘बघू, ताई.’’

मी तिथंच खिडकीचा गज धरून हुंदके देऊन रडायला लागले. तो बिचारा घाबरून उभाच राहिला. ‘‘येतीय ताई, येतीय. फायनल.’’

गाडी उशिरा का होईना, आली. आत्या जत्रेपर्यंत थांबली नाही.