श्रीपतरावांचं ‘निघायलाव’

सीमाभागातल्या कोहिनूर गावचे श्रीपतराव बिरादार सरकारी बसमध्ये कंडक्टर होते आणि त्यांची सगळी हयात चालू वर्तमानकाळात गेली. गुलबर्ग्याच्या स्टँडावर इकडच्याच कल्याणच्या बसच्या दारात लोंबकळत ते पुकारायचे, "सुटायलीय, कल्याण सुटायलीय." त्या वेळी ड्रायव्हर कँटीनमध्ये सुसल्याची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, दुसरी प्लेट मागवत असायचा. प्रवाशांनाही ते माहीत असायचं, म्हणून कुणी घाई करायचं नाही. आमच्याकडं ‘सुटायलीय’ म्हणजे गाडी सुटणार हे नक्की. कधी, ते विचारू नये. लग्नाचा पाहुणा फोनवर "निघायलाव की" म्हणतो, तेव्हा तो अंगाला साबण लावत असतो. यात कुणी खोटं बोलत नाही आणि कुणी फसतही नाही.

अशा माणसावर रिटायर झाल्यावर स्पॅनिश शिकायची पाळी आली.

त्यांची धाकटी, पल्लवी, स्पेनमध्ये बिल्बाओला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिनं मातेओ नावाचा मुलगा पसंत केला. मुलाला वडील नाहीत. आई पिलारबाई, पावाच्या दुकानात आयुष्य काढलेली, स्पॅनिशशिवाय अक्षर न बोलणारी. श्रीपतरावांना मुलगा पसंत होता. अडलं ते बोलण्यांपाशी.

"अप्पा, तुमी मराठीत बोला, मी त्यांना सांगते," पल्लवी म्हणाली.

"सोयरीक बापानं बोलायची असती. नवरीच मधी बसून दोन्हीकडचं बोलायली, असं बघितलास का कुठं?"

"इथं कोण बघायलंय, अप्पा?"

"मी बघायलोय की."

झालं. त्यांनी मोबाईलवर शिकवणी लावली. सुरुवातीला काहीच डोक्यात शिरेना. मग एके दिवशी धडा आला ‘आत्ता चाललेल्या क्रिये’चा, आणि श्रीपतराव खाटेवरून उठून बसले. क्रियापद ‘आर’वर संपलं की शेपूट तोडायचं, ‘आंदो’ लावायचं. ‘एर’ किंवा ‘ईर’वर संपलं की ‘येंदो’. आधी ‘एस्तॉय’ जोडलं की काम फत्ते. आब्लार म्हणजे बोलणं. एस्तॉय आब्लांदो, बोलायलोय. कोमेर म्हणजे खाणं. एस्तॉय कोम्येंदो, खायलोय.

"सोजर," त्यांनी बायकोला हाक मारली, "ही तर आपलीच भाषा हाय. आपलं ‘यलोय’, त्यांचं ‘येंदो’. पुण्यामुंबईवाल्यांना जड जाईल, आपल्याला न्हाई."

"मग त्या स्पॅनिशवाल्यांना सांगा, भाकऱ्या थंड व्हायल्यात," सोजराबाई आतून म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात येंदोचा सुळसुळाट झाला. म्हैस कोम्येंदो, सोजराबाई आब्लांदो. काही क्रियापदं शेपूट तोडताना पोटातही बदलतात, झोपण्याचं ‘दोर्मीर’ ‘दुर्म्येंदो’ होतं, एवढं त्यांनी वाचलं. पण कोणती बदलतात ते पाठ करायचं राहिलं.

बोलण्यांचा दिवस ठरला. ऐनवेळी पल्लवी आणि मातेओ दोघंही कामानिमित्त दुसऱ्या गावी गेलेले. श्रीपतरावांना उलट बरंच वाटलं. नवा सदरा घालून ते मोबाईलपुढं बसले. पिलारबाई हसऱ्या होत्या. तब्येत, हवा, जेवण झालं, आणि मग बाईंनी विचारलं, तुम्ही कधी येताय?

व्याह्यांकडून असं विचारणं आलं की इकडं तारीख सांगत नाहीत. उतावीळ दिसतं. श्रीपतराव अदबीनं म्हणाले, "एस्तामोस साल्येंदो." निघायलाव.

बाईंनी दोन्ही हात गालांना लावले, घाईघाईनं काहीतरी म्हणाल्या आणि फोन ठेवला. श्रीपतराव खूश. "एका वाक्यात सोयरीक जमली," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पल्लवीचा फोन आला. आवाज असा, की रडायलीय का हसायलीय ते कळेना.

"अप्पा, काय बोललात त्यांना? त्या विमानतळावर उभ्या होत्या. पुठ्ठ्यावर तुमचं नाव लिहून. बहिणी बोलावल्या, खाट मांडली, पातेलं भरून भात केला."

"अगं, विसा आला न्हाई अजून."

"तिकडं ‘साल्येंदो’ म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर पडलेला. पुढच्या गोष्टीला येंदो चालतच नाही, साधं ‘व्हामोस’ म्हणायचं. येतो. आता त्या मातेओला विचारायल्यात, ज्या घरात बाप खाटेवर बसून निघालो म्हणतो, त्या घरची मुलगी करायची का?"

श्रीपतरावांनी मोबाईल खाली ठेवला. सोजराबाई म्हणाल्या, "स्टँडावरच्यासारखा आवाज चढवून माफी मागू नका, म्हंजे झालं. आन् आता तरी पोरीला बोलू द्या."

"न्हाई. बिघडवलंय मी."

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. पिलारबाई आल्या, पण हसल्या नाहीत. श्रीपतरावांनी हात जोडले. "एस्तॉय पेद्येंदो पेर्दोन," म्हणाले. माफी मागायलोय. मग बाई सावकाश म्हणाल्या, "पिद्येंदो."

"पिद्येंदो," श्रीपतराव म्हणाले.

"पिद्येंदो," बाई पुन्हा म्हणाल्या, या खेपेला मान हलवून.

म्हणजे मागण्याचं ‘पेदीर’ही पोटात बदलणाऱ्यांतलंच निघालं. चूक दुरुस्त करावीशी वाटणारं माणूस पुरतं तुटलेलं नसतं, एवढं श्रीपतरावांना कळत होतं. धीर करून त्यांनी सांगितलं, एस्तॉय आप्रेंद्येंदो, शिकायलोय. मग व्याह्यांपुढं उतावीळ दिसायची पर्वा न करता महिना सांगून टाकला: व्हामोस एन मायो. मे महिन्यात येतो. हे येंदोशिवायचं वाक्य बोलताना त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

बाईंनी ‘मायो’ दोनदा म्हणून घेतला. मग उठल्या आणि मोबाईल हातात घेऊन आत गेल्या. पडद्यावर फ्रिज आला. दार उघडलं. आत डबेच डबे. "सेगीमोस कोम्येंदो," बाई म्हणाल्या आणि शेवटी त्यांना हसू आवरेना.

हा धडा श्रीपतरावांनी वाचलेला नव्हता, पण अर्थ लागला. "सोजर, अजून खायलेत गं. आपला भात त्या दिवसापासनं खायलेत."

सोजराबाई पदर सावरून पुढं आल्या. पडद्यातल्या डब्यांकडं बघितलं, मग आपल्या विहिणीच्या तोंडाकडं बघितलं. "विचारा त्यांना," म्हणाल्या, "फोडणी देऊन खाऊन बघितला का."

श्रीपतरावांना फोडणीला शब्द सापडेना. सोजराबाईंनी त्यांना खांद्यानं बाजूला सारलं, स्वयंपाकघरातून कढई आणि मोहरी आणली आणि मोबाईलपुढं बसून मराठीत सांगायला सुरुवात केली. पिलारबाई चष्मा लावून बघत होत्या.