मीडियमच्या अंगठ्याची चाल

मीडियमचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यानंही ते सांगायची कधी तसदी घेतली नाही. त्याच्या सलूनच्या खुर्चीत बसलं की प्रत्येक गिऱ्हाईक एकच शब्द बोलायचं, "मीडियम." फार बारीक नको, फार लांब नको. दिवसभर ऐकून ऐकून तो शब्द शेवटी त्यालाच चिकटला. आणि खरं सांगायचं तर शोभायचाही. उंची मीडियम, अंगकाठी मीडियम, धंदा मीडियम, राग आलाच तर तोही मीडियम. या माणसाच्या हातून काही जगावेगळं घडेल असं कुणी म्हटलं असतं, तर सगळ्यात आधी तोच हसला असता.

जगावेगळं असं त्याच्या घरात एकच होतं. बायकोचा आवाज.

सलूनच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांची आडभिंत होती, तिच्यात दाराएवढी जागा सोडून पडदा लावलेला, आणि पडद्यामागे बायकोचं शिलाई मशीन. पॅंट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं अशी तिची कामं चालायची आणि कामाबरोबर गाणं. सलूनमध्ये रेडिओ नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. गल्लीतले रिटायर्ड पोस्टमास्तर तर डोक्यावर नावापुरते केस उरलेले असूनही दर आठवड्याला खुर्चीत येऊन बसायचे. "वहिनींचं गाणं संपेपर्यंत कापत राहा," म्हणायचे. आता त्या डोक्यावर इतका वेळ कापायचं तरी काय? पण मीडियम कात्री नुसतीच हवेत वाजवत राहायचा, आणि दोघंही खूश असायचे.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच होती, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, "बोलायला काही अडचण नाही. आवाज जरा खाली उतरलाय, इतकंच."

डॉक्टरांच्या दृष्टीनं ते इतकंच होतं. बरं वाटल्यावर ती मशीनवर बसली आणि तिचं लाडकं होडीचं गाणं तिनं सुरू केलं. लहानपणी मावशीनं शिकवलेलं, मावशीनंच जुळवलेलं. त्या गाण्याची गंमत अशी की पहिली ओळ अगदी खाली जाऊन संपते आणि दुसरी एकदम वरून उचलावी लागते. त्या उडीला तिचा आवाज फुटला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच फुटला. मग तिनं मशीन चालू केलं, आणि त्यानंतर पडद्यामागून फक्त मशीनचाच आवाज येऊ लागला.

"हल्ली वहिनी गात नाहीत?" पोस्टमास्तरांनी एकदा विचारलं.

"घसा बसलाय," मीडियम म्हणाला, आणि आरशात बघायचं टाळलं. सलून त्याला खायला उठलं होतं. आग्रह करून पाहिला तर ती म्हणायची, "गाण्यावाचून काही अडलंय का?" अडलं होतं, पण हे तिला कसं सांगायचं ते त्याला येत नव्हतं.

असे बरेच महिने गेले. एके दिवशी हॉटेलात गिटार वाजवणारा एक माणूस दाढी करायला आला. नंबर लागेपर्यंत बाकावर बसून त्यानं चाळा म्हणून गिटार काढली आणि एकेक तार छेडत राहिला. जाड तारांवर अंगठा, बारीक तारांवर बोटं, सगळं हलकंसं. आणि पडद्यामागून गुणगुणणं ऐकू आलं. शब्द नाहीत, नुसता सूर, खालचा, जाडसर. मीडियमची कात्री होती तिथेच थांबली. तेवढ्यात गिटारवाल्याला चेव आला आणि त्यानं सगळ्या तारांवरून धडाधडा हात फिरवला. पडद्यामागे सगळं गप्प झालं.

मीडियमला त्या माणसाला कानासकट भादरावंसं वाटलं. पण त्याला हवं ते कळून चुकलं होतं. तिला गाता येत होतं. कुणीतरी तिच्याइतकं खाली उतरून, हळूच साथ द्यायला हवी होती.

समोर सायकलच्या दुकानावर गिटारचा क्लास होता. शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या लेकीच्या वयाच्या.

"कुणाला शिकायचंय, काका?"

"मलाच."

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं. गाठ, गाणं, ती उडी. "पण हे तिला कळता कामा नये," तो म्हणाला. "कळलं की तोंड मिटून बसेल. मी ओळखतो ना तिला."

घरी मात्र त्यानं सांगितलं की सलूनमध्ये रेडिओ नाही, म्हणून गिटार शिकतोय.

"रेडिओ आणायला काय धाड भरली होती?" बायको म्हणाली आणि दोरा ओवायला लागली.

पहिल्याच दिवशी मॅडम चकित झाल्या. नवशिक्यांच्या नाकी नऊ येतात ते अंगठ्यापायी. एकदा सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, एकदा चौथ्या, घड्याळासारखा तो चालू राहायला हवा, आणि तो राहत नाही. मीडियमचा अंगठा मात्र जन्मभर हेच करत आल्यासारखा चालू लागला. खरोखर तो हेच करत आला होता. केस कापताना कात्रीचं एक पातं बोटांनी स्थिर धरायचं असतं, हलतो तो फक्त अंगठा.

"काका, तुमचा अंगठा म्हणजे सोनं आहे," मॅडम म्हणाल्या. "आता अंगठा चालू ठेवून बोटं हलवा."

बोटं ढिम्म हलेनात. कशी हलणार? एवढी वर्षं त्यांना एकच शिकवण होती, की हललात तर गिऱ्हाइकाचा कान गेला. अंगठा आपला धुम-धुम चालतोय आणि बोटं आज्ञाधारक पोरांसारखी हाताची घडी घालून बसलेली. पहिलं बोट हलवायलाच कितीतरी आठवडे गेले, आणि ते हललं तेव्हा मीडियमनं आधी दचकून कानाला हात लावला, स्वतःच्या.

रोज सकाळी सलून उघडायच्या आधी शटर अर्धं ओढून तो खुर्चीत बसायचा. घर वरच्या मजल्यावर होतं, बायको उशिरा खाली यायची. आवाज वर जात नाही अशी त्याची पक्की समजूत होती.

मग मॅडमनी बेस वॉक, म्हणजे खालच्या सुरांची चाल, शिकवला. "एका कॉर्डवरून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांवरून, दुसऱ्या कॉर्डवर उडी नाही मारायची, काका. अंगठ्यानं जाड तारांवरून चालत जायचं. हा जी कॉर्ड, तो सी. मधल्या दोन सुरांवर एकेक पाऊल टाकायचं आणि पोचायचं. ऐकणाऱ्याला आधीच कळतं, आता कुठे जायचंय ते."

मीडियमनं जाड तारांवरून अंगठा एकदा चालवून पाहिला. "म्हणजे गाणाऱ्यालाही कळेल?"

"त्याच्यासाठीच तर असतो," मॅडम हसून म्हणाल्या. मग त्यांनी गिटारच्या सगळ्या तारा सैल करून सूर दोन घरं खाली उतरवून दिले. "काकूंना वर चढायला नको लावूया. आपणच खाली येऊ."

ही चाल त्याच्या अंगात इतकी भिनली की एकदा पोस्टमास्तरांचे केस कापताना अंगठा आपोआप चालायला लागला. एक, दोन, तीन, पोचलो. एक, दोन, तीन, पोचलो. भानावर येऊन बघतो तर मानेवर, जिथे त्यांचं उरलंसुरलं वैभव होतं, तिथे सुबक पायऱ्या झालेल्या. मागे आरसा धरून पोस्टमास्तरांनी त्या पाहिल्या.

"मीडियम, हे काय? जिना?"

त्यानं कपाळाला हात लावला, गिटारच्या चालीची गोष्ट सांगून टाकली आणि मग सगळ्या पायऱ्या सपाट केल्या. पुढचा आठवडाभर पोस्टमास्तर मफलर गुंडाळून फिरत होते. डाव्या हाताची तऱ्हा वेगळीच. तारा दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडले, आणि त्याच टोकांनी गालावर हात फिरवून तो राहिलेले खुंट शोधायचा. आता त्याला प्रत्येक गाल गुळगुळीत लागायला लागला. दोन-तीन माणसं अर्धवट दाढीनं घरी गेली. शेवटी तो बोटांच्या पाठीनं गाल तपासायला शिकला, आणि धंदा वाचला.

आता गाणं जवळजवळ बसलं होतं. फक्त त्या एका जागी, पहिल्या ओळीकडून दुसरीकडे जाताना, तो अडखळायचा. पण वाजत होतं, म्हणून तो ऐटीत मॅडमना ऐकवायला गेला. तिथे एकही सूर धड लागेना. बोटं भलत्याच घरात पडू लागली. 

"सलूनमध्ये वाजतं हो, शपथ."

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी सलूनमध्ये आल्या. मीडियम खुर्चीत बसला, समोर बघितलं आणि छान वाजवू लागला. मॅडमनी डोळे मोठे केले. "काका, तुम्ही आरशात बघून वाजवताय!"

बघणारच. सगळं आयुष्य त्यानं हात आरशात बघून चालवले होते. गिटारही तो आरशातलीच शिकला होता, आणि आरसा काही क्लासला नेता येत नव्हता. मॅडमनी खुर्ची गर्रकन फिरवली. आता आरसा पाठीशी आणि समोर तो पडदा. "आता इकडे बघून वाजवायचं. जिच्यासाठी वाजवताय तिच्याकडे."

त्या दिवशी मीडियम रडकुंडीला आला. या वयात पुन्हा अ, आ, इ. मॅडमकडून आणलेली गिटार परत करून टाकावी असंही मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शटर अर्धं ओढलं, खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे तोंड करून बसला. असा तो रोज बसत राहिला. इतर जागा हळूहळू सावरल्या. ती एक जागा मात्र दर वेळी दगा द्यायची.

आणि मग ती दुपार आली, ढग भरून काळोखलेली. खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलेलं, बाकावर पोस्टमास्तर आणि आणखी दोघं. अचानक वीज गेली. पंखा थांबला, दिवा गेला, आरशात नुसता काळोख उरला. पडद्यामागे मशीनची मोटरही बंद पडली, म्हणजे बायकोही हातावर हात ठेवून बसली असणार.

"अंधारात गळ्यावर वस्तरा नको हं," फेसवाला म्हणाला.

"त्यापेक्षा तुझं ते लाकूड काढ," पोस्टमास्तर म्हणाले. "माझ्या मानेवर जिना बांधलास, तो ऐकू तरी दे."

 मीडियमनं गिटार घेतली आणि बाकावर पडद्याकडे तोंड करून बसला. अंगठा चालू लागला. बोटांनी होडीचं गाणं उचललं. पहिली ओळ खाली खाली उतरत गेली, आणि पडद्यामागून गुणगुणणं आलं.  ओळ संपली. ती जागा आली. त्यानं मधल्या दोन सुरांवर एकेक पाऊल टाकलं आणि तो अलगद पलीकडे पोचला, पहिल्यांदाच. पण ती आली नाही. ती अलीकडेच थांबली होती.

तो थांबला नाही. अंगठा तसाच चालू ठेवून तो परत मागे गेला. पहिली ओळ पुन्हा. ती पुन्हा आली, या वेळी शब्दांसकट. पुन्हा ती जागा. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि पलीकडे तो पोचला तेव्हा तीही तिथे होती. आवाज पूर्वीचा नव्हता. जाड होता, खोल होता, आणि भरलेला होता. कुठेही फुटला नाही. तिसरी ओळ, चौथी, पुढचं कडवं. सबंध गाणं ती गायली. मीडियमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मध्येच वीज आली. पंखा फिरायला लागला, ट्रिमर घरघरला. पोस्टमास्तरांनी उठून आधी ट्रिमर बंद केला, मग पंखाही. फेसवाल्याच्या गालावरचा फेस वाळून कडक झाला होता, पण त्यानं चकार शब्द काढला नाही.

गाणं संपल्यावर पडदा सरकला. गळ्यात मापाची टेप घेऊन बायको बाहेर आली. तिचेही डोळे लाल झाले होते.

"अहो, तिसऱ्या ओळीला घाई करता तुम्ही."

"तू... तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"होडीचं गाणं घेतलंत त्या पहिल्या सकाळपासून. वर सगळं ऐकू येतं. तुम्हाला काय वाटलं, जिन्याला कान नाहीत?" ती जवळ येऊन बसली. "माझा आवाज जिथे फुटतो ना, नेमके तिथेच रोज अडखळायचात तुम्ही. मी पडल्या पडल्या ऐकायचे. म्हटलं, बघू या, हे पार होतात का. हे झाले, तर मीपण होईन."

 फेसवाला आरशात तोंड बघत म्हणाला, "माझी दाढी?"

"थांबा हो जरा," पोस्टमास्तरांनी त्याला गप्प केलं.

"चला, पहिल्यापासून," बायको म्हणाली. "आणि या वेळी घाई नको."

मीडियमनं डोळे बाहीला पुसले आणि अंगठा सहाव्या तारेवर ठेवला.