लिमोझिनचं इरलं

झरीच्या जिव्यासारखं इरलं आता आमच्या तलासरी तालुक्यात कुणी बांधत नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पळसाची पानं, आणि डोक्यापासून पाठ झाकत खाली येणारा बाक. लावणीला दिवसभर वाकलेल्या माणसाच्या पाठीला थेंब लागत नाही. लोक प्लास्टिकचा कागद पांघरू लागले, तरी जिव्या बांधतच राहिला. "कागदात माणूस घामानंच भिजतं," एवढंच म्हणायचा.

त्याचा मुलगा मुकेश माझा विद्यार्थी. डहाणू रोडच्या चिमणशेठची एक लांबलचक लिमोझिन आहे, लग्नांना भाड्याने जाते. मुकेश तिचा सहा वर्षं ड्रायव्हर, आणि झरीचं घर त्याच पगारावर चालायचं.

मी निवृत्त मास्तर. शब्दांची मुळं उकरत बसायची मला जुनी खोड. एके दिवशी 'लिमोझिन' उकरला आणि चाट पडलो. फ्रान्समध्ये लिमुझँ नावाचा प्रांत आहे. तिथले मेंढपाळ थंडीपावसात डोक्यावरून जाडाभरडा झगा पांघरायचे, त्यावरून हे नाव. पहिल्या गाड्यांत मालक आत, बंद खोलीत बसायचा आणि ड्रायव्हर बाहेर वाऱ्यापावसात. त्याच्या डोक्यावर नुसतं पुढे आलेलं छप्पर असे. ते त्या झग्याच्या टोपडीसारखं दिसे, म्हणून गाडीला मेंढपाळाच्या पांघरुणाचं नाव पडलं, असं सांगतात. राजेरजवाड्यांचा शब्द समजत होतो मी. निघालं काय, तर इरलं.

हे पोटात राहीना. चिमणशेठच्या दुकानात चहा पिताना सगळं सांगून टाकलं. शेठने बशी खाली ठेवली आणि आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले, "मस्त वात करी, मास्तर. तो जिव्या बांधतो ना, तसंच एक आपल्या गाडीसाठी सांगा."

जिव्याला कोण आनंद. भर चैत्रात इरलं मागणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. आठ दिवस खपून त्याने ते बांधलं. मे महिन्यात एका चिकूच्या वाडीत लग्न होतं. "चल, तुझ्या इरल्याचा मान बघ," म्हणून मीच त्याला घेऊन गेलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

दुपारचे साडेबारा. मांडवाबाहेर गाडी, आणि गाडीच्या दाराशी रणरणत्या उन्हात इरलं घालून उभा केलेला मुकेश. पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. एक बाई त्याला म्हणाली, "जरा वाकून दाखव ना, भात लावतात तसं." मुकेश वाकला.

जिव्या पुढे गेला. त्याने मुलाच्या डोक्यावरून इरलं उचललं. खाली शर्ट घामाने पिळून निघावा असा भिजलेला. जिव्याने आभाळाकडे पाहिलं, मग मुलाकडे. आणि ते इरलं स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो दाराशी उभा राहिला.

"तू बस सावलीत," तो मुकेशला म्हणाला. "नोकरी नको जायला. मी ऱ्हातो उभा."

तेवढ्यात चिमणशेठ खुशीत म्हणाले, "आ तो अजून भारी दिसतो. मास्तर, पाहुण्यांना जरा अर्थ सांगा ना."

सगळे माझ्याकडे वळले. जिव्याही वळला, मी काय सांगतो ते ऐकायला. चाळीस वर्षं फळ्यापुढे बडबडलेला मी चष्मा काढून पुसू लागलो.

मुकेशने बापाच्या डोक्यावरून इरलं काढून काखेत मारलं. गाडीची चावी बॉनेटवर ठेवली. "चल बा," म्हणाला. दोघं उघड्या डोक्याने, उन्हातून रस्त्याकडे चालू लागले. नोकरी गेली हे दोघांनाही कळत होतं. मागे वळून कुणी पाहिलं नाही.

मांडवातून नवरानवरी बाहेर आली. चिमणशेठने चावी उचलून माझ्यापुढे धरली. "मास्तर, गाडी येते का तुम्हाला?"

गाडी मला येत नव्हती. मला फक्त तिचा अर्थ येत होता.