तिसरी पाळी आणि सोळा सूर्योदय

अंतराळवीरांच्या बातम्या मी वहीत कापून का चिकटवते, असं तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते, आणि क्रमाने लिहिते.

१९८४ साली आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यातल्या एका चाळीत, दोन खोल्यांत राहत होतो. तुमचे आजोबा कारखान्यात होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, मग तिसरी, म्हणजे रात्रीची. घर त्यांच्या पाळीवर चालायचं. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने प्रत्येक आठवड्याची पाळी डिसेंबरपर्यंत लिहून ठेवत असे. त्या वर्षीही लिहिली. जानेवारी संपता संपता ते कामावरच छातीत कळ येऊन गेले.

कॅलेंडर पुढे चालत राहिलं आणि मी त्याच्याबरोबर. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटेच्या भोंग्याआधी उठून कणीक मळत असे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसभर आतल्या खोलीचे पडदे ओढलेले. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. तुमची आई तेव्हा नऊ वर्षांची. तिला अभ्यासाला बाहेर जिन्यावर बसवत असे. आत कुणीही झोपलेलं नव्हतं. मला हे कळत नव्हतं असं नाही, पण पडदे उघडायला हात उठत नसे. तुमच्या आईने कधी काही विचारलं नाही. ती कुजबुजत बोलायला शिकली होती. सासूबाईंना वाटायचं, सून दुखवटा नीट पाळते आहे.

मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. रजा संपून गेली होती. मुख्याध्यापिकाबाईंची चिठ्ठी आली: वार्षिक परीक्षेला तरी या, नाहीतर जूनपासून दुसऱ्या बाई घ्याव्या लागतील. घरात आता कमावणारी मीच. तरी ती चिठ्ठी मी पोह्यांच्या डब्याखाली सरकवून ठेवली.

एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या देशाचा माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला. चाळीत टीव्ही दोनच, त्यातला एक बिघडलेला. दुसरा आमचा. त्याचं लाकडी शटर बंद होतं आणि वर हार घातलेला फोटो. शेजारच्या सिंधी भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाभी, बच्चे लोक माझा डोका खातात. अर्धा घंटा लावते का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "वर्षश्राद्ध व्हायचंय अजून! आमचा माणूस वर गेला त्याचं कुणाला काही नाही, आणि त्या वर गेलेल्याचं कौतुक!"

"मांजी, तो तर परत येणार ना," भाभी बोलून गेल्या, आणि लगेच ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

मग तुमच्या आईने फोटो उचलून मांडीवर घेतला. "मी धरून बसते, आई," ती कुजबुजली. मी शटर सरकवलं.

पंधरावीस मुलं खाली दाटीने बसली. सासूबाई आधी पाठ करून बसल्या, मग हळूहळू वळल्या. "अगंबाई, हा तर तरंगतोय! याला जेवण उतरतं तरी कसं?" सगळे हसले. तुमची आईसुद्धा मोठ्याने हसली, आणि लगेच तोंड दाबून तिने पडदे ओढलेल्या खोलीकडे पाहिलं. तो तिसऱ्या पाळीचा आठवडा होता.

ते हसू गिळताना मी तिला पाहिलं. मी तिला काय शिकवलं आहे, ते त्या क्षणी दिसलं.

टीव्हीवर सांगत होते, यानाची पृथ्वीभोवती फेरी दीड तासात होते, दिवसाला सोळा सूर्योदय दिसतात. सासूबाईंनी विचारलं, "मग ही माणसं उठतात तरी कुठल्या सूर्योदयाला?" उत्तर मला दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरात सापडलं. बाहेर उजेड असो की अंधार, ती माणसं जमिनीवरच्या घड्याळाने उठतात, व्यायाम करतात, नेमलेलं काम करतात. तिथे सकाळ ठरवावी लागते. ती चार ओळींची बातमी मी कापून घेतली. वहीतली पहिली.

कॅलेंडर उतरवण्याचा धीर झाला नाही. त्याच्याशेजारी कोरा कागद लावला आणि दुसरं वेळापत्रक लिहिलं. सहा: उठणे. साडेसहा: पडदे उघडणे. असं रात्रीपर्यंत. रात्री नऊ ते दहा, ते घरी असतील त्या आठवड्यांत, आम्ही दोघं बोलत बसायचो. त्या तासापुढे काय लिहावं सुचेना. ती ओळ रिकामी ठेवली. ती पुढे कितीतरी वर्षं रिकामीच राहिली.

परीक्षेला मी गेले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, मग कुणीतरी उन्हाळ्याविषयी बोललं. मी डबा एकटीने खाल्ला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वर्गावर गेले, मुलांना पेपर वाटले आणि फळ्यावर वार, तारीख लिहिली. लिहिताना ध्यानात आलं की पुन्हा तिसऱ्या पाळीचा आठवडा लागला आहे. घरी पडदे उघडेच होते. कुकर शिट्ट्या देऊन झाला होता. सकाळपासून मला त्यांची एकदाही आठवण झाली नव्हती.

ते गेल्यापासून रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. मुलं मान खाली घालून लिहीत होती. मी त्यांच्याकडे पाठ करून फळ्यावरची तारीख खडूने पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.