दाजींचे दगड

आमच्या दाजींइतकं बंद दारांवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. मूळचे बेळगावकडचे इंजिनिअर. नव्वदच्या दशकात हेब्बाळच्या बाजूला एका मोठ्या हॉस्पिटलात आगीपासून सुरक्षेचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. तिथे आग कधी लागली नाही, पण दाजींच्या डोक्यात ती कायम धुमसत असायची. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी ते हॉलचा मागचा दरवाजा बघून यायचे आणि तो उघडतो याची खात्री पटल्याशिवाय हातात अक्षता घ्यायचे नाहीत. चिकपेटात एकदा अक्काला अगदी मनासारखी साडी मिळाली होती. तेवढ्यात दुकानाच्या जिन्यावर रचलेले कापडाचे गठ्ठे दाजींच्या नजरेस पडले, आणि त्यांनी तिला हाताला धरून रस्त्यावर आणलं. त्या साडीवरून दाजींचा उद्धार पुढे दर दिवाळीला व्हायचा.

हॉस्पिटलातले त्यांचे खरे वैरी म्हणजे दगड. तिथे वॉर्डांना आपोआप मिटणारी जाड दारं होती. एकीकडे आग लागली तर मिटलेलं दार धूर अडवून धरतं, आणि तेवढ्यात रोग्यांना खाटांसकट त्याच मजल्यावर पलीकडे नेता येतं. "पोट फाडलेला माणूस जिने कसे उतरणार? त्याला शेजारी सरकवायचं," हे ते आम्हाला जेवतानासुद्धा समजावत. पण ट्रॉली ढकलणाऱ्यांना दर खेपेला दार उघडायचा कंटाळा, म्हणून कोणीतरी खाली दगड लावून ठेवी. दाजी तो जप्त करून डब्याच्या पिशवीतून घरी आणत, कारण तिथेच टाकला तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दाराशी हजर. अक्काच्या अबोलीच्या वाफ्याला त्या दगडांचं चांगलं कुंपण झालं होतं.

मग अक्काचंच तिथे मोठं ऑपरेशन झालं. जगते की नाही अशी अवस्था होती. शुद्धीवर आल्यावर ती दाजींना एवढंच म्हणाली, "ते दार मिटलं की जीव घाबरा होतो हो."

आता व्याख्यान होणार म्हणून मी धास्तावलो. पण दाजी उठले. त्यांनी दार उघडलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले. दुपार कलली तरी उभेच. शेवटी नर्सला दया आली. "स्वल्प बसा सर, थोडं टेका," म्हणत तिने कुठूनसा एक दगड आणला, तोही प्रत्यक्ष दाजींसमोर.

दाजी म्हणाले, "दगडाला धूर दिसत नाही, सिस्टर."

अक्काला झोप लागल्यावरच त्यांनी दार हलकेच मिटू दिलं.

अक्का त्यातून उठली, घरी आली. पुढे काही वर्षांनी दाजीच तिच्या आधी गेले. परवा गेलो तेव्हा अबोलीच्या कुंपणात एक दगड कमी दिसला. तो तिच्या झोपायच्या खोलीच्या दाराशी होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून अक्का म्हणाली, "ते होते तोवर लागला नाही रे कधी."